शॉवरमधले विसण का बिघडते?

‘नळ कोणी सोडला?’ बंद बाथरूमच्या दाराआडून येणारी ही हाक वर्तकनगरातल्या घरांना नवी नाही. अंगाला साबण लागलेला असतो, बेताचे गरम पाणी पडत असते आणि एकाएकी ते पोळू लागते. चटकन बाजूला सरकावे तर दहा सेकंदांत पाणी बर्फासारखे गार. मग मिक्सरचा दांडा डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. बहुतेक घरांत यावर उपाय एकच ठरलेला असतो, तो म्हणजे गीझरचे बटण आणखी वर नेणे. दुखणे नेमके याच उपायाने वाढते.

बंबाच्या काळात ही अडचण नव्हती. कढत पाणी बादलीत काढायचे, त्यात विसण घालायचे, हात बुडवून पाहायचे आणि मगच तांब्या अंगावर ओतायचा. विसण घालणारा हात आणि पाणी तपासणारा हात एकच होता. शॉवरच्या मिक्सरमध्ये विसण घालायला हात नाही, ते काम नळातला दाब करतो. गरम पाण्याची नळी एकीकडून आणि थंडाची दुसरीकडून येते. त्या दोघींतल्या दाबाचे प्रमाण जसे असेल तसे मिश्रण अंगावर पडते. दांडा एका जागी स्थिर ठेवला म्हणून मिश्रण स्थिर राहत नाही. दाब हलला की विसण बिघडले.

आणि दाब हलायला कारणे भरपूर. बऱ्याच फ्लॅटमध्ये गच्चीवरच्या टाकीतून उतरणाऱ्या पाइपला आधी गीझरचा फाटा फुटतो. थंडाची नळी मात्र पुढे फ्लश, बेसिन, वॉशिंग मशिन अशी सगळ्यांची तहान भागवत शॉवरपर्यंत येते. शॉवर चालू असताना कोणी फ्लश दाबला की थंडाचा दाब पडतो, गरमाचा तसाच राहतो आणि अंगावर कढत पाणी येते. त्यातही भिंतीतला फ्लश व्हॉल्व्ह हा मोठा गुन्हेगार, कारण तो काही सेकंदांत भसकन पाणी ओढतो. साध्या टाकीचा फ्लश हळूहळू भरतो, त्यामुळे त्याचा धक्का सौम्य असतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे इमारतीतली सगळीच कुटुंबे एका वेळी अभ्यंगस्नानाला लागतात तेव्हा हा खेळ एका घरापुरता राहत नाही. वरच्या मजल्यावरच्या नळाचा परिणाम त्याच पाइपवरच्या खालच्या मजल्यावर आणि खालच्याचा वरच्यावर होतो.

वर्तकनगरात हे दोन तऱ्हांनी पाहायला मिळते. म्हाडाच्या जुन्या, कमी उंचीच्या इमारतींत टाकी वरच्या मजल्याच्या अगदी डोक्यावर. दर दहा मीटर उंचीला पाण्याचा दाब साधारण एक बार, म्हणजे एका वातावरणाएवढा वाढतो. वरच्या घरातला शॉवर टाकीच्या तळापासून जेमतेम दोन-तीन मीटर खाली असतो, म्हणजे दाब पाव बारच्या आसपास. शेजारचा एक नळ उघडला तरी तिथे फरक जाणवतो. पुनर्विकासातून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये नेमके उलटे. वीस-पंचवीस मजले खाली असलेल्या घरात, दाब कमी करणारा व्हॉल्व्ह मध्ये नसेल, तर सहा-सात बारचा दाब येऊ शकतो. उंच इमारतींसाठीच्या गीझरवर आठ बारपर्यंत चालेल असे लिहिलेले असते, पण साध्या गीझरची ती ताकद नसते. अशा घरात दांडा केसभर हलवला तरी पाणी कढत किंवा गार होते.

ठाण्याचे पाणी हा आणखी वेगळा भाग. भातसा नदीवरची महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून शहराला पाणी मिळते. दुरुस्तीसाठी शटडाउन घेतले की टाकी तळाला जाते. पाणी परत येते तेव्हा पाइपमधली हवा आणि तळाचा गाळ सोबत येतो. हा गाळ अँगल कॉकमध्ये आणि शॉवरच्या जाळीत अडकतो. शटडाउननंतरच्या आठवड्यात ‘गीझर बिघडला’ अशी तक्रार असेल, तर मेकॅनिकला फोन करण्याआधी शॉवरचे तोंड आणि नळाची जाळी काढून धुवावी.

आता गीझरचे बटण वर नेण्याचा हिशेब पाहू. शॉवरमधून मिनिटाला आठ लिटर पाणी येते, टाकीतले थंड पाणी २५ अंश सेल्सिअस आहे आणि अंगावर ४० अंशांचे पाणी हवे आहे, असे धरले. गीझर ६० अंशांवर असेल तर त्या आठ लिटरमध्ये साधारण ३.४ लिटर गरम आणि ४.६ लिटर थंड लागते. कोणी नळ सोडला आणि थंड पाणी निम्म्यावर आले, तर अंगावरचे पाणी ४६ अंशांवर जाते. थंड पाणी पावपटीवर आले तर ५१. हाच गीझर ७५ अंशांवर ठेवला, तर थंड निम्मे झाल्यावर ४८ आणि पावपट झाल्यावर जवळजवळ ५७ अंश. उलट गीझर ५० अंशांवर असेल, तर त्याच गोंधळात पाणी ४४ आणि ४६ अंशांच्या पुढे जात नाही. गरमाचा प्रवाह तेवढाच राहतो असे धरून केलेले हे गणित आहे. प्रत्यक्षात आकडे थोडे मागेपुढे होतील, पण गीझर जितका कढत तितका शॉवरचा झोका मोठा, यात फरक पडणार नाही.

हे आकडे किरकोळ नाहीत. गरम पाण्याने त्वचा किती वेळात भाजते याचा पायाभूत अभ्यास मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार त्वचा ४४ अंशांना कायमची इजा होण्यासाठी सुमारे सहा तास लागतात, ६० अंशांना फक्त पाच सेकंद आणि ७० अंशांना एक सेकंदसुद्धा पुरतो. ४४ च्या वरचा एकेक अंश महाग पडतो तो असा. हे प्रौढ माणसाच्या त्वचेचे. तान्ह्या बाळाची आणि सत्तरीच्या आजीची त्वचा पातळ असते, ती आधी भाजते. आजीला दांडा शोधून पाणी बंद करायलाच पाच सेकंदांहून जास्त लागतात. अनेक वर्षांचा मधुमेह असलेल्यांची गोष्ट आणखी बिकट. त्यांच्या तळपायांच्या संवेदना मंदावलेल्या असतात. पाणी पोळते आहे हे त्यांना कळतच नाही, कळतो तो संध्याकाळी आलेला फोड. आणि एकदम गार पाणी आले तरी धोका टळत नाही. दचकून मागे सरकताना ओल्या लादीवर पाय घसरतो, आणि त्या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय हे ज्या घरात घडले आहे त्यांना सांगायला नको.

भाजलेच तर आधी वाहत्या साध्या पाण्याखाली तो भाग वीस मिनिटे धरावा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, हळदही नको. घट्ट अंगठी किंवा बांगडी सूज येण्यापूर्वी काढावी. लहान मूल असेल, चेहरा, हात किंवा गुप्तांगाजवळ भाजले असेल, किंवा फोड मोठे असतील तर दवाखाना गाठावा.

लक्षण ओळखा, मग प्लंबर बोलवा

ताप म्हटल्यावर डॉक्टर आधी तो कसा चढतो, कसा उतरतो हे विचारतात. शॉवरचेही तसेच आहे. पाणी कधी आणि कसे बदलते हे दोन-तीन दिवस नीट पाहिले तर दुखणे गीझरचे, मिक्सरचे की पाइपचे हे बहुतेक वेळा घरबसल्या कळते. त्यासाठी लागणारी साधने म्हणजे एक बादली, घड्याळ आणि स्वयंपाकघरात वापरतात तसे शंभर अंशांपर्यंतचे थर्मामीटर. तापाचे थर्मामीटर मुळीच वापरू नये. त्याची धाव बेचाळीस-त्रेचाळीस अंशांपर्यंतच असते, आणि काचेचे असेल तर ते फुटून पारा बाथरूमभर पसरेल.

पाणी सुरुवातीला छान गरम, मग चार-पाच मिनिटांनी हळूहळू गार होत गेले, तर काहीच बिघडलेले नाही. गीझर लहान आहे, एवढेच. ६० अंशांवरचा पंधरा लिटरचा गीझर वरच्या हिशेबाने मिनिटाला ३.४ लिटर देतो, म्हणजे साडेचार मिनिटांच्या आत त्याचा साठा संपत येतो. तळातून आत येणारे गार पाणी थोडे मिसळत असल्याने प्रत्यक्षात त्याहीपेक्षा लवकर. याच पंधरा लिटरमध्ये विसण घालून वीस लिटरची एक बादली आणि दुसरीचा बराच भाग आरामात होतो, म्हणून बादलीच्या काळात हा गीझर कमी पडत नव्हता. बादलीसाठी घेतलेला गीझर शॉवरला जोडला की तक्रार सुरू होते. शिवाय शॉक बसण्याच्या भीतीने आंघोळीला जाण्यापूर्वी गीझर बंद करायची आपल्याकडची सवय. मग संपलेले पाणी पुन्हा तापणार कसे? दोन किलोवॉटच्या कॉइलला पंधरा लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला अठरा मिनिटे लागतात, तेव्हा चालू ठेवूनही शॉवरला तो पुरणार नाही. त्यामुळे ही सवय मोडण्यात फायदा नाही. अर्थिंग नीट आहे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेणे मात्र गीझर बंद ठेवला तरी गरजेचे. चौघांच्या घराला शॉवर हवा असेल तर पंचवीस लिटरचा गीझर घ्यावा, किंवा शॉवरचे तोंड कमी पाण्याचे बसवावे.

पाणी घरातला दुसरा नळ, फ्लश किंवा वॉशिंग मशिन सुरू होताच बदलत असेल, तर दोष गीझरचा नाही, पाइपचा आहे. खात्री करायला घरातले सगळे नळ बंद ठेवून शॉवर लावावा आणि एकेक नळ दुसऱ्या कोणाला उघडायला सांगावा. दोषी नळ पाच मिनिटांत सापडतो. त्याचा अँगल कॉक थोडा आवळून प्रवाह कमी केला, तर फुकटात बराच फरक पडतो. ते पुरले नाही तर थर्मोस्टॅटिक मिक्सर हा खरा इलाज आहे. त्यात मेणाने भरलेली एक लहानशी कुपी असते. पाणी जास्त गरम झाले की मेण फुगते आणि गरमाची वाट अरुंद करते, गार झाले की आकसते. विसण घालणारा हात परत आला म्हणायचा. थंड पाणी पूर्ण बंद पडले तर चांगला मिक्सर गरम पाणीही रोखतो. इंग्लंडमध्ये नव्या घरांतल्या बाथटबच्या नळाचे पाणी ४८ अंशांच्या वर जाऊ नये असा बांधकाम नियमच आहे, आणि तो अशाच व्हॉल्व्हच्या जोरावर पाळला जातो. एक अडचण लक्षात ठेवावी. या मिक्सरला ठरावीक दाब लागतो. जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर पाव बारच्या दाबावर तो नीट चालत नाही, त्यामुळे विकत घेण्याआधी खोक्यावरचा किमान दाब वाचावा.

तिसरे लक्षण जरा फसवे असते. गीझर कढत, पण शॉवरला पाणी कोमटच, दांडा पूर्ण गरमावर नेला तरी कोमट. इथे पुष्कळदा विनाकारण कॉइल बदलली जाते. दोष असतो तो थंड पाणी गरमाच्या नळीत घुसण्याचा. कमोडजवळचा जेट किंवा हातात धरायचा शॉवर मिक्सरला जोडलेला असतो, त्याचा खटका सोडलेला असला तरी मागचा मिक्सर उघडाच राहतो, आणि आतल्या आत थंड पाणी गरमाकडे सरकते. मिक्सरचे कार्ट्रिज झिजले तरी असेच होते. तपास अगदी सोपा. वीज बंद करून गीझरच्या खालचा पाणी आत येण्याचा कॉक बंद करावा आणि बेसिनचा गरम पाण्याचा नळ उघडावा. नळीतले उरलेले पाणी येऊन धार थांबली तर ठीक. एक मिनिटानंतरही ती चालूच राहिली, तर ते पाणी थंडाच्या बाजूने कुठून तरी येते आहे. मग एकेक मिक्सर बंद करत दोषी शोधावा. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवला की काम संपते.

इन्स्टंट गीझरचे गणित याहून वेगळे. त्याला साठा नाही, तो ठरावीक अंशांची भर घालतो, ठरावीक तापमान देत नाही. तीन किलोवॉटचा गीझर मिनिटाला तीन लिटर पाण्यात साधारण १४ अंशांची भर घालतो. जानेवारीच्या सकाळी टाकीतले पाणी २० अंश असेल तर नळाला ३४, म्हणजे कोमट. मे महिन्यात उन्हाने तापलेल्या टाकीतले पाणी ३३ अंश असेल तर तोच गीझर ४७ अंशांचे पाणी देतो. प्रवाह मिनिटाला दोन लिटरवर आला तर भर २१ अंशांहून अधिक, म्हणजे मे महिन्यात नळाला ५४ अंशांपर्यंत. दर मिनिटा-दोन मिनिटांनी गरम-गार-गरम असे आवर्तन येत असेल आणि घरात दुसरा नळ चालू नसेल, तर प्रवाह कमी पडतो आहे, पाणी मर्यादेपलीकडे तापते आहे आणि थर्मोस्टॅट पुन्हा पुन्हा कॉइल तोडतो आहे, असे समजावे. मिनिटभर बादली भरून प्रवाह मोजला की कळते. शॉवरची भोके क्षारांनी बुजलेली असतात, ती व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवून साफ होतात.

क्षारांचा विषय निघालाच आहे. नदीचे पाणी तसे मृदू असते. उन्हाळ्यात सोसायटी बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिसळू लागली की गीझर पांढरा थर धरू लागतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असे म्हटले आहे. म्हणजे पिण्यास चालणारे पाणीही गीझरला त्रासदायक ठरू शकते. कॉइलवर थर बसला की उष्णता पाण्यात उशिरा पोहोचते आणि थर्मोस्टॅटला चुकीचा अंदाज मिळतो. गीझरमधून उकळल्यासारखा कडकड आवाज येणे ही त्याची खूण. दोन-तीन वर्षांतून एकदा टाकी उघडून थर काढावा आणि गंज स्वतःवर ओढून घेणारा ॲनोड रॉड तपासावा. हे काम घरच्या घरी करण्यासारखे नाही.

गॅसचा गीझर असेल तर

पाइप गॅस घरोघरी आल्यापासून बाथरूममध्ये गॅस गीझर लावणाऱ्यांची संख्या बरीच आहे. या गीझरमध्ये पाण्याच्या प्रवाहानेच ज्योत पेटते. प्रवाह ठरावीक मर्यादेखाली गेला की ज्योत विझते. शॉवरला पाणी फार कढत वाटले म्हणून मिक्सरमधून थंड सोडले की ते गरमाच्या वाटेला दाबते, गीझरमधला प्रवाह मंदावतो, ज्योत विझते आणि सगळेच पाणी गार होते. म्हणून इथे विसण घालायचेच नाही. गीझरवरची गॅसची आणि पाण्याची बटणे अशी लावावी की नळाला येणारे पाणीच चाळीस अंशांच्या आसपास असेल. उन्हाळ्यासाठी आणि हिवाळ्यासाठी वेगळी खूण असते, ती शोभेची नसते.

मात्र गॅस गीझरच्या बाबतीत पाण्याच्या तापमानापेक्षा हवेची चिंता आधी करावी. बंद बाथरूममध्ये ज्योतीला पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पाय गळतात, आणि दार उघडण्याची ताकद उरत नाही. बाथरूममध्ये बेशुद्ध पडलेल्या माणसाला आधी आकडी किंवा हृदयविकार समजले जाते, यात वेळ जातो. सतत पाणी गार पडते म्हणून ज्योत वाढवणे, धूर जाणारा पाइप न लावणे आणि थंडी वाजते म्हणून खिडकीच्या झडपा बंद करणे या तीन गोष्टी एकत्र आल्या की दुर्घटनेला निमंत्रण. गीझर बाथरूमच्या बाहेर, खुल्या हवेच्या जागी असावा, हेच योग्य. तसे शक्य नसेल तर आंघोळीच्या वेळी ज्योत न वापरता आधी बादली भरून घ्यावी आणि गीझर बंद करून मग दार लावावे.

मग साठ्याचा गीझर नेमका किती अंशांवर ठेवावा? इथे दोन सल्ले एकमेकांना छेद देतात. भाजण्याचा विचार केला तर ५० बरे. पण साठवलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका अधिवेशनात न्यूमोनियाची साथ आली तेव्हा त्यांचा शोध लागला. २५ ते ४५ अंश ही त्यांची आवडती हवा, ६० अंशांना ते तग धरत नाहीत. गच्चीवर सौर हीटरची मोठी टाकी असलेल्या सोसायट्यांनी, विशेषतः पावसाळ्यात पाणी दिवसचे दिवस कोमट राहते तेव्हा, हे लक्षात ठेवायला हवे. घरच्या पंधरा लिटरच्या गीझरमध्ये पाणी रोज बदलते, तिथे हा धोका बराच कमी. घरात लहान मूल, वृद्ध किंवा मधुमेही असेल आणि थर्मोस्टॅटिक मिक्सर नसेल, तर रोज ५० अंश आणि आठवड्यातून एकदा ६० अंशांपर्यंत तापवणे हा समंजस मध्यममार्ग ठरतो. मिक्सर असेल तर ६० वर ठेवायला हरकत नाही. ज्या गीझरवर आकडे नाहीत, नुसतेच ‘कमी-जास्त’ आहे, तिथे थर्मामीटर नळाखाली धरून बटणावर पेनाने खूण करून ठेवावी.

वर्तकनगरात अजून बऱ्याच इमारतींचा पुनर्विकास व्हायचा आहे किंवा चालू आहे. सभासदांच्या बैठकांत चटईक्षेत्र, पार्किंग आणि भाडे यांवर तासन्‌तास खल होतो, पाइपचा नकाशा मात्र कोणी मागत नाही. तो मागावा. फ्लशसाठी आणि आंघोळीसाठी टाकीतून उतरणारे पाइप वेगळे आहेत का, किती मजल्यांमागे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह आहे, वरच्या दोन-तीन मजल्यांसाठी प्रेशर पंप आहे का आणि तो थंडाच्या व गरमाच्या दोन्ही वाटांना सारखाच दाब देतो का, हे चार प्रश्न भिंतीला प्लास्टर होण्याआधी विचारले तर उत्तर कागदावर बदलता येते. नंतर त्यासाठी टाइल्स फोडाव्या लागतात.